केव्हाही

शब्बाथ, आम्हा ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपला, तारे दिसले, तशी सिनेगॉगमागच्या वर्गात मुलं जमली. मी माझा नेहमीचा पुस्तकी प्रश्न विचारला, “या आठवड्यात लहानशा चांगुलपणाने जग कुणी सुधारलं?” “मी आजोबांचा चष्मा शोधला, सर. त्यांच्याच डोक्यावर होता!” वर्ग हसला. मग सगळ्यांत मोठी मुलगी उठली. “शेजारच्या आजी एकट्या असतात. मी त्यांना माझा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. म्हटलं, केव्हाही फोन करा. त्या म्हणाल्या, ‘शब्बाथला मात्र जिवावर बेतल्याशिवाय मी फोनला शिवत नाही हं!’” बोलता बोलता तिने शब्बाथसाठी कालपासून बंद ठेवलेला फोन सुरू केला. आजींचे कॉल येऊन गेल्याचे संदेश ओळीने उमटले, शेवटचा आज पहाटेचा. तिने लगेच फोन लावला. कुणी उचलेना. “सर, मी केव्हाही म्हटलं होतं,” ती म्हणाली. पलीकडे घंटा वाजतच राहिली.