शुभेच्छुक

मंजुषानं महिनोन्महिने अर्ज करकरून इंटरनेटच्या सर्चमधून आपलं नाव काढायला लावलं होतं. कॉलेजपासून मागं लागलेला एकजण नाव शोधत दारापर्यंत आला होता. त्यापायी घर बदललं, माहेरी मात्र कारण सांगितलं नव्हतं. आज मोबाइलवर नाव टाकलं, तर काहीच येईना. तान्ह्याला उराशी धरून तिनं सुस्कारा सोडला, तोच खालून धाकट्या भावाची हाक आली. “ताई, गॅलरीत ये! भाच्याच्या बारशाचा फ्लेक्स बघ!” गारखेड्याच्या चौकात तिचं नाव हातभर अक्षरांत झळकत होतं, खाली घराचा पत्ता, ‘शुभेच्छुक: मामा’. “उतरव तो!” “येडी का? लई हौसेनं लावलाय.” तिनं धावत जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो लगेच खांबावर चढला; दोऱ्या कापता कापता अचानक वरच थबकला. “ताई, मी तर सकाळीच ग्रुपवर ह्या फ्लेक्सचा फोटो टाकला. पाहुणे सगळीकडं पाठवायलेत.”