चढलेली रेस

"क्लचवरचा पाय जरा सुटला की उडी मारते," ड्रायव्हर म्हणाला. "काल शाळेच्या फाटकात एका पोराच्या दप्तराला बंपर घासला. दप्तरावर निभावलं म्हणून मी आज इथे उभा आहे."

हे तो गॅरेजवाल्याच्या लेकीला सांगत होता, तेही आवाज खाली ठेवून. कारण गॅरेजवाले, म्हणजे तिचे वडील, शेजारीच हात पुसत उभे होते. अख्खा रस्ता त्यांना उस्ताद म्हणायचा. मुलांना ने-आण करणारी ही गाडी मागच्याच आठवड्यात त्यांनी स्वतः दुरुस्त करून, रेस लावून दिली होती. ड्रायव्हरने पायाने करून दाखवलेली उडी त्यांना दिसली.

"पाय हळू सोडायला शिका," ते म्हणाले. "इंजिनाला काही झालेलं नाही."

लेकीने बॉनेट उघडून गाडी चालू केली. उभ्या गाडीचं इंजिन स्वतःशीच पुटपुटल्यासारखं फिरायला हवं. हे तर भांडायला उठल्यासारखं ओरडत होतं. रेस चढली होती यात शंकाच नव्हती, आता कारण शोधायचं होतं. तिने चोक पाहिला, तो पूर्ण उघडा होता. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढून सोडली, ती अडकत नव्हती. मग हवेच्या नळ्या एकेक करून बोटाने दाबत गेली. एखादी फाटलेली निघावी असं तिला मनापासून वाटत होतं. सगळ्या धडधाकट निघाल्या.

राहिला रेसचा स्क्रू. तो जितका आत, तितकी रेस जास्त; आणि तो चांगलाच आत पिळलेला होता. आपोआप सैल होणारा स्क्रू असतो, आपोआप आवळला जाणारा नसतो. त्याच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हरचा ताजा ओरखडा चमकत होता.

हा स्क्रू गॅरेजात फक्त उस्ताद लावायचे. डोळे मिटायचे, दोन बोटांनी स्क्रू-ड्रायव्हर फिरवायचा आणि इंजिनाचा सूर कानात बसला की हात काढायचा. तिने हौसेने आणलेलं रेस मोजायचं मीटर फळीवर पडून होतं. "ते तुझ्यासाठी," असं म्हणून ते कानाच्या पाळीला टिचकी मारायचे. "मला देवाने जन्मतःच दोन दिलेत." आणि त्यात बढाई नव्हती. त्यांनी लावलेल्या गाडीवर मीटर जोडून तिने चोरून कितीदा तरी पाहिलं होतं. काटा कधी चुकला नव्हता.

पण अलीकडे डॉक्टरांची गाडीही अशीच रेस चढून परत आली होती. त्याआधी फुलवाल्याची. तेव्हा तिने पेट्रोलला दोष दिला होता.

तिला आईचं बोलणं आठवलं. हाका मारून दमली की आई म्हणायची, "लग्नापासून माझं ऐकलं नाही, आता काय नव्याने ऐकणार?" सगळे हसायचे. उस्तादही हसायचे, पण जरा मागून, बाकीच्यांचे चेहरे बघून.

तिने फळीवरचं मीटर काढलं, धूळ फुंकली आणि प्लगच्या तारेला जोडलं.

"त्याची काय गरज?" उस्ताद म्हणाले.

"बाबा, तुम्ही नेहमीसारखे उभे राहा. मी फिरवते. सूर बसला की थांबवा."

त्यांना हे आवडलं. पोरगी अखेर कानाने शिकायला तयार झाली. ते गाडीपासून हातभर लांब उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. लेकीने स्क्रू हळूहळू बाहेर घेतला. ओरडणं कमी झालं, मग गुरगुर उरली, मग इंजिन खाली येऊन शांत, एकसारखं पुटपुटू लागलं. काटा जिथे हवा तिथे थांबला. कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या ड्रायव्हरनेही ते ऐकून मान डोलावली.

उस्तादांनी थोडी वाट पाहिली.

"बंद का केलीस?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हरने मान वळवली आणि तो रस्त्याकडे बघत राहिला.

स्क्रू-ड्रायव्हर अजून खाचेतच होता. दोन आटे आत घेतले असते तर बाबांना ऐकू आलं असतं. ते "शाब्बास" म्हणाले असते, डोळे उघडून चहाला गेले असते आणि त्यांच्यामागे तिला रेस पुन्हा उतरवता आली असती. तिचा हात वळलासुद्धा. पण ज्या दिवशी ती नसेल, त्या दिवशी कोण उतरवणार? तिला ते दप्तर दिसलं आणि त्या दप्तराआडचं पोर दिसलं.

तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. बाबांचा हात धरून त्यांना पुढे आणलं आणि त्यांचा तळवा मडगार्डवर टेकवला.

उस्तादांनी डोळे उघडले. समोर इंजिनाचा पंखा फिरत होता. ते पंख्याकडे बघत राहिले, मग ड्रायव्हरच्या पाठीकडे, मग लेकीकडे. तिला वाटलं, आता हात झिडकारतील. मडगार्डच्या पत्र्यातून चालू इंजिनाची थरथर त्यांच्या तळव्यात चढत होती.

त्यांनी हात काढला नाही. तळवा आणखी दाबून त्यांनी डोळे पुन्हा मिटले.

"कशी वाजतेय?" त्यांनी विचारलं.

"छान," ती कशीबशी म्हणाली. "एकसारखी. कुठे अडखळत नाही."

उस्ताद तिच्या बाजूला किंचित झुकले.

"मोठ्याने सांग," ते म्हणाले.