चाळीस अंश

“काकू, खिशातला कांदा बाहेर ठेवा,” योगशिक्षिका म्हणाली.

“राहू दे वं बाई. त्यानं ऊन बाधत नाही,” यमुनाबाई म्हणाल्या.

सून केतकी ओशाळली. सासरे गेल्यावर तिने सासूबाईंना चंद्रपूरहून पुण्याला आणलं होतं. इथल्या थंडीत त्यांचे खांदे आखडले, आणि दोन महिने त्या रोज परत जायचं म्हणत होत्या. तिथे आता त्यांचं कुणीच नव्हतं. निदान खांदे तरी मोकळे व्हावेत म्हणून आज केतकीने त्यांना हॉट योगाच्या वर्गाला आणलं.

“खोली चाळीस अंशांवर आहे. गरगरलं तर सरळ आडवं व्हा,” शिक्षिकेने बजावलं.

“चाळीसच?” यमुनाबाईंनी भिंतीवरचा आकडा जवळ जाऊन वाचला. “हा तं आमचा मार्च झाला.”

तिसऱ्या आसनाला केतकीच आडवी झाली. शेजारी यमुनाबाईंचे हात आधी खांद्यापर्यंत आले, मग कानांपर्यंत, आणि अखेर डोक्यावर जुळले. आरशात त्या स्वतःकडे बघतच राहिल्या.

वर्ग संपताच सगळे बाहेरच्या पंख्याकडे धावले. यमुनाबाई मात्र आतच बसून राहिल्या.

“काय वं केतकी,” त्यांनी विचारलं, “ही खोली रोज असते का?”