लाल टिकली

चित्र विकत घेण्यात दादाचा फायदा उघड होता. चित्रात त्याची धाकटी बहीण हॉटेलात एकटीच, खुर्चीवर मांडी ठोकून, बिअरचा ग्लास उंचावत खिदळत होती. दादाच्या लेकीच्या होणाऱ्या सासूबाई प्रदर्शनाला यायच्या आत तिला भिंतीवरून उतरवायचं होतं. दादाने चेक फाडून चित्रकाराच्या हातात दिला. “आता काढा खाली.” “विकलेलं चित्र शेवटच्या दिवसापर्यंत इथेच राहतं, साहेब,” म्हणत चित्रकाराने चौकटीशेजारी लाल टिकली चिकटवली. दालनातली पहिलीच विक्री! कोपऱ्यातल्या चित्रापुढे अख्खी गर्दी लोटली. “चल घरी,” दादा गर्दीत उभ्या असलेल्या बहिणीवर दातओठ खात पुटपुटला. “तू जा. मला बघू दे, छान आलेय मी.” तेवढ्यात सासूबाई आल्याच. चित्राकडे, मग बहिणीकडे पाहत त्यांनी विचारलं, “अगंबाई! हे घेतलं कोणी?” बहिणीने दादाला दंड धरून पुढे ओढलं. “पैसे यानेच मोजले. फार कौतुक त्याला माझं!”