पांढऱ्या शर्टावरची लोकर

मंगलने स्कूटी लावली तेव्हा भामाबाई दारात घोंगडं अंथरून, त्यावर पांढरे शर्ट मांडून बसली होती. बटण लावायचं, गाठ मारायची, दोरा दातानं तोडायचा. पासष्टीची बाई, पण तिनं लावलेलं बटण ओढून निघायचं नाही.

"आलीस व्हय? सांजपातुर हुतील बघ समदे."

"ऱ्हाऊ द्या मावशी. हायत तसं द्या."

मंगल पलूसच्या कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. माल परदेशी जायचा, आणि सगळं काम कारखान्याच्या छपराखालीच झालं पाहिजे, अशी तिकडच्या कंपनीची अट होती. घाई आली की मालक अट गुंडाळून ठेवायचे आणि मंगल आपल्याच स्कूटीवरून गठ्ठे वस्तीवर पोचवायची. आज सकाळी कंपनीचा तपासनीस आला. पहिलाच शर्ट उचलला आणि कॉलरखालचं काहीतरी काळं चिमटीत धरून उजेडात बघितलं. मग दुसरा शर्ट, मग तिसरा. "घरी काम देता का?" त्यानं विचारलं.

"माझं काय चुकलं का गं?" भामाबाईनं सुई थांबवली.

"शर्टाला लोकर लागलीया. घोंगड्याची."

"आगं, बिरोबाच्या पूजंचं घोंगडं हाय ह्ये! घरात ह्येच्यापरास सोवळं काय न्हाई. पांढरी कापडं, डाग पडू नये म्हणून मुद्दाम काढलं मी."

हसावं की रडावं, मंगलला कळेना.

"मालक आता घरी काम द्यायला भ्यालेत. घरात दिलं की ल्हान पोरं राबत्यात, म्हणून बंदी हाय म्हणं."

"माझ्या घरात कुठलं आलंय पोर? मी आन् ह्यो कुत्रा." भामाबाईनं कुत्र्याला शर्टांपासून बाजूला सारलं. "मग मलाच कारखान्यात घ्या की."

"साठीच्या वरच्यांना घेत न्हाईत, मावशी."

भामाबाईनं सुई दोऱ्याच्या रिळात खोचून ठेवली. एकेक शर्ट उचलून झटकायची, उजेडात धरून निरखायची आणि मग घडी घालायची. मंगलला ते बघवेना.

तपासनिसानं विचारलं तेव्हा मालक तिच्याकडेच बघत होते. ऑर्डर गेली असती तर साठ बायका घरी बसल्या असत्या, हे खरंच होतं. पण मंगल जे बोलली ते खरं नव्हतं. 'झाडलोटीची एक बाई होती, साहेब. मळकट घोंगडं घेऊन गठ्ठ्यावर निजायची. काढून टाकली तिला.' किती सहज बोलून गेली ती! त्यातला 'मळकट' तर कुणी मागितलाही नव्हता. तो आपल्या तोंडून कसा निघाला, याची तिला राहून राहून लाज वाटत होती.

"त्यो साहेब इचारत हुता, तवा तू हुतीस न्हवं तितं?" गठ्ठा बांधता बांधता भामाबाईनं विचारलं.

"हुते."

"मग झालं. मला घोर न्हाई. तू सांगितलं आसशीलच, किती सोवळं हाय त्ये."

तिनं घोंगडं झटकलं, मंगलसाठी पुन्हा नीट अंथरलं आणि चहा टाकायला आत गेली. बाहेर आली तर मंगल घोंगड्याला लागून, खाली मातीत बसलेली.

"आगं, भुईवर का बसलीस? साडी मळंल की!"