मंजुळेच्या वाट्याचं तीर्थ

या माउलींनो, जवळ सरकून बसा. पळीभर तीर्थाची गोष्ट सांगतो.

कीर्तन संपलं आणि बुवा पंचामृत वाटत मंजुळेपाशी आले. तिला चौथा महिना. पहिलं मूल पोटातच गेलेलं. नर्सबाईंनी बजावलं होतं, "न उकळलेलं दूध अजिबात नको." पंचामृत तर कच्च्या दुधाचं! शेजारी सासूबाई गोदाक्का, तीर्थ नाकारणं म्हणजे पाप मानणाऱ्या. घ्यावं तर बाळाची भीती, नाही म्हणावं तर सासूची. मंजुळेनं हात पुढे केला.

गोदाक्कांनी तो हळूच मिटला आणि स्वतःचा पसरला. "बुवा, हिचा वाटा मला द्या. हिला कच्चं दूध नको सांगितलंय."

"अगंबाई, देवाचं तीर्थ कधी बाधतं होय?" मागून एकीनं टोमणा मारला.

"देवाला कच्चं चालतं गं. माझ्या नातवंडाला उकळलेलं लागतं."

पुढच्या एकादशीला बुवांनी स्वतः दूध उकळून, निववून पंचामृत केलं. पहिली पळी मंजुळेच्या हातावर पडली, आणि डोळे भरले ते गोदाक्कांचे.

तीर्थाला हात पुढे कराल तेव्हा आमच्या गोदाक्कांची आठवण असू द्या.