हरवलं म्हणून नोंदवलेलं नाणं

डोंगरात लपवलेल्या डब्या शोधण्याच्या खेळात अनुयाच्या बाबांनी स्वतःच्या आवाजाचं एक बोलकं नाणं सोडलं होतं. ज्याला सापडेल त्याने ते ऐकून पुढच्या डबीत ठेवायचं आणि तसं कळवायचं. ते ठेवलेल्या डबीत नाही, असं तिसऱ्या भटक्यानेही कळवल्यावर अनुयाने खेळाच्या नियमानुसार नाइलाजाने 'हरवलं' अशी नोंद केली. नोंद झाली की डोंगरात कचरा नको म्हणून नाणं असेल तिथे विरघळून त्याची माती व्हायची.

संध्याकाळी नाशिकहून कुणा शिरीष कुलथेंचा फोन आला.

"ताई, नाणं माझ्याकडेच होतं. डबीतून उचललं आणि कळवायचं राहूनच गेलं. आई रोज ऐकायची. आज तिच्या हातातच त्याची माती झाली."

बाबा गेल्यापासून तो आवाज ऐकायचा अनुयाला धीर झाला नव्हता. फिरू दे अजून थोडं, म्हणत तिने नाणं परत मागवलंच नव्हतं. त्याची दुसरी प्रत नव्हती.

"आईला सगळं पाठ आहे. फोन देऊ तिच्याकडे?"

पलीकडे एक म्हातारा आवाज खाकरला. "बाळ, ते म्हणायचे, 'दम लागला तर खुशाल बसा. डबी काय पळून जात नाही.' आणि मग हसायचे."

"कसे हसायचे?" अनुयाने विचारलं.

म्हातारीने हसून पाहिलं, मग थांबली.

"नाही गं जमत मला तसं."